पाचवं गाव

"बूट चावतोय का?" वृंदाताईनं विचारलं.

आम्ही पहिल्याच चेअरलिफ्टमध्ये बसलो होतो. डावा पाय स्नोबोर्डला बांधलेला, उजवा मोकळा, आणि लोंबकळणाऱ्या बोर्डाचं सगळं ओझं डाव्या पावलावर. मी सारखा पाय हलवत होतो ते तिच्या लक्षात आलं होतं.

"बूट नाही गं, अंगठा दुखतोय."

"आजच?"

"मधूनमधून दुखतो. दिवाळीत तर इतका सुजला होता की चप्पल घालता येईना. डॉक्टर म्हणाले, युरिक ॲसिड वाढलंय. मटण कमी करा म्हणाले."

"तू मटण कधीपासून खायला लागलास?"

"तेच विचारलं मी त्यांना."

मला वाटलं ती हसेल. हसली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पण तिच्या गॉगलच्या काचेत मला मीच दिसलो. मग ती पुन्हा समोर बघायला लागली.

"वर आलं. टोक उचल," ती म्हणाली.

ऑस्ट्रियातल्या तिच्या गावापासून पुढे, एका डोंगरापलीकडे दुसरं अशी पाच गावं लिफ्टांनी जोडलेली आहेत. एका लिफ्टनं वर जायचं, पलीकडच्या उतारावरून खाली यायचं, की पुढचं गाव. सकाळी लवकर निघालं तर पाचव्या गावापर्यंत जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मी स्टुटगार्टला कंपनीच्या कामावर होतो त्या दोन हिवाळ्यांत ताईनंच मला बोर्डवर उभं राहायला शिकवलं होतं. पण इतक्या लांब तिनं मला कधी नेलं नव्हतं. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हणायची. या वेळी मात्र आल्या आल्या तिनंच ठरवून टाकलं होतं.

"उद्या पाचव्या गावाला जाऊ. तिथं एक खानावळ आहे, सूप चांगलं मिळतं. तिथं बसून बोलू. घरात नको."

घरात तिचा नवरा होता, मथियास. त्याला मराठी एक अक्षर कळत नव्हतं, तरी घरात नको म्हणाली.

मी ज्या बोलण्यासाठी मिरजेहून आलो होतो ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. अप्पांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. बीपीमुळे झालं असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. एक दिवसाआड डायलिसिस चालू होतं. आईला साखर, त्यामुळे तिची किडनी घेता येत नव्हती. माझा रक्तगट जुळत नव्हता. ताईचा जुळत होता. ऑक्टोबरात मी फोन केला तेव्हा ती एका शब्दात हो म्हणाली होती. इथल्या डॉक्टरांकडून तपासण्या करून घेते, म्हणाली. आणि नाताळच्या सुमारास तिनं फोन उचलणं बंद केलं. मी चार दिवसांची रजा काढून थेट तिच्या दारात येऊन उभा राहिलो, तर तिनं मला मिठी मारली, जेवायला वाढलं, आणि कपाटातून माझा जुना बोर्ड बाहेर काढला.

वरून पहिला उतार ती उतरली तेव्हा मी थांबून बघत राहिलो. ताई बोर्डवर असली की ती कुणाकडून काय शिकली ते माझ्यासारख्याला लगेच दिसतं. अप्पा शाळेत पी.टी.चे शिक्षक. दोरीच्या मल्लखांबासाठी त्यांनी गावातल्या मुली जमवल्या आणि त्यात स्वतःची मुलगी सगळ्यांच्या पुढे ठेवली. पहाटे ती शाळेच्या पटांगणात दोरीवर उलटी लटकलेली असायची आणि खाली अप्पा ओरडत असायचे, "कमरेतून वळ! हातानं नाही, कमरेतून!" तेविसाव्या वर्षी ती प्रात्यक्षिकं दाखवायला एका चमूबरोबर जर्मनीला गेली, तिथं तिला मथियास भेटला, आणि चमू परत आला तो तिच्याशिवाय. अप्पांनी त्या दिवशी पटांगणातली दोरी उतरवली. "तिचं तोंड बघणार नाही," म्हणाले, आणि पंधरा वर्षं खरंच पाहिलं नाही.

ताई अजूनही कमरेतूनच वळत होती.

दुसऱ्या गावातून तिसऱ्याकडे जायला एक लांबलचक सपाट वाट आहे. स्कीवाल्यांच्या हातात काठ्या असतात, ते ढकलत ढकलत निघून जातात. बोर्डवाल्याचं तसं नाही. वरून भरपूर वेग घेऊन यायचं आणि मध्ये कुठेही न थांबता तो पट्टा पार करायचा. थांबलं की मागचा पाय सोडवून पायानं रेटत चालायचं. "इथं थांबतो तो गाढव," असं तिनंच मला पूर्वी सांगितलेलं. त्या दिवशी ती वाटेच्या मधोमध थांबली. मी मागून आलो तर बर्फात बसलेली, गुडघ्यांवर हात टेकून.

"काय झालं?"

"काही नाही. दम लागला."

"तुला?"

"चाळिशी आली की रे."

ती उठली आणि पाय रेटत चालायला लागली, पण पाच-दहा पावलांनी पुन्हा थांबायची. इतक्यात मागून एक म्हातारा स्कीवर आला, सत्तरीचा तरी असेल. त्यानं वेग कमी केला आणि काही न बोलता आपल्या काठीचं टोक तिच्यापुढे धरलं. माझी खात्री होती की ती हसून नाही म्हणणार. या डोंगरावर ती लोकांना शिकवायची, निम्मं गाव तिला ओळखत होतं. तिनं निमूट काठी पकडली. म्हातारा तिला ओढत घेऊन गेला आणि मी पाय रेटत त्यांच्या मागून गेलो.

तिसऱ्या गावात पोचलो तेव्हा ती कॅफेच्या पायरीवर बसून पाणी पीत होती. सकाळपासून तिची ती तिसरी बाटली. मला आठवतं, कारण प्रत्येक थांब्यावर तिला स्वच्छतागृहात जायचं होतं आणि बर्फाचे ते सगळे कपडे काढघाल करण्यात आमचा वेळ जात होता. मी मनात चिडत होतो. मला ती मुद्दाम वेळ काढते आहे असं वाटत होतं.

"ऋजुता कशी आहे?" तिनं विचारलं. ऋजुता म्हणजे माझी बायको.

"बरी आहे. सातवा लागला."

"तिकडं कळत नाही ना आधी, मुलगा की मुलगी?"

"सांगत नाहीत."

"बाकी सगळं बघतात का? बाळाच्या तपासण्या वगैरे?"

"बघतात की. सगळं नॉर्मल आहे."

तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि उघडलं आणि परत लावलं.

चौथ्या गावाच्या लिफ्टमध्ये मी विषय काढला. पाचव्या गावापर्यंत थांबायचा माझा धीर संपला होता. चौघांच्या त्या खुर्चीत आमच्या शेजारी एक जोडपं बसलं होतं.

"ताई, तारीख द्यायचीय हॉस्पिटलला."

"पाचव्या गावात बोलू म्हटलं ना."

"सकाळपासून तेच म्हणतेयस. तू येणार आहेस की नाही तेवढं सांग."

"अप्पांनी स्वतः विचारलंय का रे? एकदा तरी?"

"त्यांना लाज वाटते."

"म्हणजे नाही विचारलं."

"अगं, माणूस मरायला टेकलाय! त्यानं विचारलं काय आणि मी विचारलं काय?"

शेजारचं जोडपं दुसरीकडे बघायला लागलं. भाषा कळत नसली तरी भांडण चाललंय हे त्यांना कळलं असावं.

"परवा डायलिसिसला सुई लागत नव्हती," मी म्हणालो. "दोन्ही हात काळेनिळे झालेत. आई बाहेरच्या बाकावर बसून असते. आणि तू इथं मला डोंगर दाखवत फिरवतेयस."

"सुहास, पुरे."

"नाही म्हणायचं तर नाही म्हण. पण ऑक्टोबरात हो म्हणून आता फोन बंद करून बसायचं? पंधरा वर्षांचा सूड घेतेयस का त्यांच्यावर?"

खुर्ची वर पोचली. आम्ही उतरलो. ते जोडपं भराभर निघून गेलं. त्या माथ्यावर वारा होता आणि पलीकडे खूप खाली पाचवं गाव दिसत होतं, एक मनोरा आणि त्याच्याभोवती लाकडी घरं. ताई मागच्या पायाचा पट्टा न बांधताच बोर्डवर उभी राहिली.

"मी पास झाले नाही," ती म्हणाली.

"कशात?"

"तपासणीत. माझी किडनी घेता येत नाही."

"का?"

"कारण ती अप्पांसारखीच आहे."

मला काही बोध झाला नाही. माझ्या चेहऱ्यावर तसं दिसलं असणार, कारण तिनं गॉगल वर केला आणि लहान मुलाला गणित समजवावं तसं सावकाश सांगायला सुरुवात केली. अप्पांचं बीपीमुळे झालेलं नाही. हा रक्तातून येणारा आजार आहे. आजोबांना असणार, ते पन्नाशीत पाय सुजून गेले, तेव्हा कुणाला काय कळत होतं. त्यांच्याकडून अप्पांना. अप्पांकडून तिला. इथल्या डॉक्टरांना तिच्या रक्तात काहीतरी खटकलं म्हणून त्यांनी पुढची तपासणी केली, आणि निकाल आला तो नाताळच्या आधी. तिची मूत्रपिंडं निम्मी गेलेली होती.

"मग औषध?"

"नाही. बीपी सांभाळायचं, पाणी प्यायचं. किडन्या दहा वर्षं चालतील म्हणाले. नशीब चांगलं असेल तर पंधरा."

"मथियासला..."

"त्याला अजून सांगितलं नाहीये. त्याच्याआधी तुला सांगायला हवं होतं."

"मला का?"

तिनं खाली पाहिलं. माझ्या डाव्या बुटाकडे.

"अप्पांचा अंगठा आठवतो तुला?" ती म्हणाली. "पटांगणात लंगडत यायचे. पस्तिशीतच. बुटाचं टोक कापून घेतलं होतं त्यांनी. या आजारात तसं होतं. मलाही झालं दोन वर्षांपूर्वी."

वाऱ्यानं बर्फाचे कण आमच्या अंगावर येत होते. मी अंगठा हलवून पाहिला. दुखला.

"प्रत्येक मुलाला छापा की काटा," ताई म्हणाली. "तुझी तपासणी झालेली नाही, त्यामुळे मला माहीत नाही. फोनवर मला हे सांगता येईना. मी फोन उचलायचे नाही कारण तू पहिलाच प्रश्न तपासणीचा विचारला असतास, आणि मला खोटं बोलता येत नाही तुझ्याशी. आणि आज सकाळी तू अंगठा म्हणालास."

मला ऋजुता दिसत होती, पोटावर हात ठेवून खिडकीत बसलेली. माझ्या तोंडून एवढंच आलं, "आणि बाळाला?"

"तुझ्यात असेल, तर त्यालाही छापा की काटा."

मी बर्फात बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. ताई शेजारी उभी राहून वारा अडवत होती. शेवटी तिनंच माझ्या दंडाला धरून उठवलं.

"चल. परतीच्या लिफ्ट बंद होतात. इथं अडकलो तर रस्त्यानं फार लांबचा फेरा आहे."

पाचवं गाव खाली दिसत होतं. तिथं आम्ही गेलोच नाही.

परत येताना मी तीनदा पडलो. साध्या उतारावर पडलो. ताई प्रत्येक वेळी खाली थांबायची, वर बघायची, हातानं कंबर दाखवायची. एकदा तर ओरडलीही, "कमरेतून वळ रे!" त्या सपाट वाटेवर या वेळी आम्ही दोघंही पाय रेटत चाललो, आणि काठी पुढे करायला कुणी आलं नाही. दिवस कलला होता. उतारावरचे लोक पांगले होते. शेवटच्या लिफ्टचा माणूस दोर लावायच्या बेतात होता, त्यानं ताईला ओळखलं आणि आम्हाला आत सोडलं.

त्या शेवटच्या लिफ्टमध्ये ती म्हणाली, "घरी सांग, मी नाही म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नकार दिला. राग आहे म्हणून."

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"ऐक. खरं सांगितलंस तर त्यांना काय कळेल? की आपण मुलीला हे दिलं. कदाचित मुलालाही. येणाऱ्या नातवंडालाही. त्यांच्या हातात काय आहे ते निस्तरायला? काही नाही. ते त्या डायलिसिसच्या पलंगावर पडून फक्त हाच विचार करत बसतील. त्यापेक्षा माझ्यावर चिडू देत. चिडले की त्यांना ताकद येते. शिव्या देतील, ताट भिरकावतील, मग झोपतील. दुसऱ्या कुणाची किडनी मिळते का बघतील. चिडका माणूस जगतो रे."

"आणि आई?"

"आईला तरी कसं सांगणार? तिला सांगितलं की अप्पांना कळलंच."

"ते तुला जन्मभर..."

"पंधरा वर्षं तसंही काय वेगळं चाललं होतं?"

मग तिनं मला वाक्य दिलं. खरंच, पाठ करून घ्यावं तसं दिलं. "सांग, ती म्हणाली, त्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं, मग आता माझी किडनी कशाला? असंच सांग. एवढं लागेल असं बोलल्याशिवाय त्यांना पटायचं नाही."

मी म्हणून दाखवलं. मधला एक शब्द चुकला तो तिनं दुरुस्त केला.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

मी मिरजेला पोचलो तेव्हा अप्पा पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी बॅगही खाली ठेवली नव्हती. म्हटलं, आत्ता बोललो नाही तर नंतर जमणार नाही.

"अप्पा, ताई नाही म्हणाली."

"नाही?"

"म्हणाली, त्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं, मग आता माझी किडनी कशाला?"

आईनं तोंडाला पदर लावला आणि ती आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि "कसली कारटी जन्माला घातली मी," असं काहीतरी. मी अप्पांच्या चिडण्याची वाट बघत होतो. ताईनं सांगितलं होतं त्याप्रमाणे आधी कपाळावरची शीर उठेल, मग हात वर जाईल.

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

"असं म्हणाली?"

"हो."

"बरोबर आहे तिचं."

मी उभाच होतो. मग ते बोलले, तेही माझ्याशी नव्हे बहुतेक.

"मला वाटलं होतं येईल. वरची खोली रंगवून घेतली मी. त्या जावईबापूंना खाली बसायची सवय नसणार म्हणून माळ्यावर कमोड बसवून घेतला. प्लंबर कालच काम संपवून गेला."

मी वर जाऊन पाहिलं. भिंतींना फिकट पिवळा रंग होता आणि अजून त्याचा वास येत होता. पलंगावर दोघांच्या उशा मांडलेल्या होत्या. बाथरूममध्ये नव्या कमोडवरचा प्लास्टिकचा कागद तसाच होता.

त्यानंतर अप्पा डायलिसिसला जायची टाळाटाळ करू लागले. आज नको, उद्या जाऊ, म्हणायचे. रिक्षा दारात आली की तोंड भिंतीकडे करायचे. दुसऱ्या कुणाच्या किडनीसाठी नाव नोंदवायचं मी काढलं तेव्हा त्यांनी हातानंच नको म्हटलं. मी समजावलं, ओरडलो, एकदा पायाही पडलो. खरं काय ते तोंडावर येऊन मागे गेलं, कितीदा तरी. खरं सांगितलं असतं तर ते जगले असते का? मला माहीत नाही. आईचा उन्हाळ्याचा वाळवणाचा पसारा आवरायच्या आतच ते गेले. ताईनं यायचं म्हटलं, तर आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "या उंबऱ्यात पाय ठेवलास तर बघ."

मला मुलगी झाली. तपासणी मी पुढं चार वर्षांनी करून घेतली. माझ्यातही तेच निघालं. मुलीची केलेली नाही. गेल्या महिन्यात बॅडमिंटन खेळून आली आणि पाय चेपून दे म्हणाली, तेव्हा कुठं दुखतंय ते विचारायला मला धीर होईना. टाच होती. ताई दीड वर्षापासून डायलिसिसवर आहे. आई अजून आहे, आणि अजून ताईचं नाव घेत नाही. तिला खरं सांगायचं तर माझं सांगावं लागेल, माझं सांगायचं तर नातीचं. ताईनं लिफ्टमध्ये मला जे पाठ करायला दिलं, ते असं सगळ्यांवर बसलंय.

पण ताईला एक गोष्ट अजून माहीत नाही. मी मिरजेला पोचलो त्याच दिवशी तिचा फोन आला होता. मी त्या रंगवलेल्या खोलीत उभा होतो.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"जसं दिलं तसं?"

"तसंच."

"मग? काय म्हणाले?"

खालून काहीच आवाज येत नव्हता. अप्पा अजून तसेच खिडकीकडे तोंड करून बसले असणार.

"खूप चिडले," मी म्हणालो. "वाट्टेल ते बोलले तुला. ताट भिरकावलं."

"खरंच? ताट?"

"हो. भिंतीवर आमटीचे डाग पडलेत."

"आणि मग?"

"मग आईनं दुसरं वाढलं. जेवले. आता झोपलेत."

ताईनं मोठा श्वास सोडलेला मला इतक्या लांबून ऐकू आला.

"बघ, म्हटलं नव्हतं मी तुला?" ती म्हणाली, आणि हसली. पाच गावांच्या डोंगरावरच्या त्या सबंध दिवसात ती एकदाही तशी हसली नव्हती.